तुम्ही विचारलंत म्हणून: शंखाचा चुरा का होत नाही

"एवढ्या खोल पाण्यात त्या गोगलगायीच्या शंखाचा चुरा कसा होत नाही हो?" व्याख्यान कशावरही असो, शेवटी हे येतंच. एकदाचं लिहून टाकते.

चुरा होत नाही, कारण चेपायला आत हवाच नाही. हिंदी महासागरात कैरेईच्या उष्ण झऱ्यांपाशी, सुमारे २,४०० मीटर खोलीवर, ती खवलेपायी गोगलगाय राहते; शंखावर आणि पायाच्या खवल्यांवर लोहाच्या संयुगाचा थर असलेली. दाब आपल्या इथल्यापेक्षा २४० पट. पण शंखाबाहेर जितका, तितकाच आत.

एका कॉलेजात प्रमुख पाहुण्यांनी माझ्या टेबलावरचा थर्माकोलचा पेला उचलला. मैत्रिणीनं जहाजावरून खोल समुद्रात सोडून आणलेला, आक्रसून अंगठ्याएवढा झालेला. तिनं पेनानं लिहिलेलं नावही त्याच्याबरोबर बारीक झालेलं. पाहुणे म्हणाले, "बघा मुलांनो, पेल्याचं हे झालं, पण गोगलगाय लोखंडाच्या बळावर तग धरते!" टाळ्या. मी माईक मागितला. म्हटलं, थर्माकोलात हवेचे बुडबुडे असतात, ते चेपले. पाण्यानं गच्च भरलेली पिशवी सोडली असती तर होती तशी वर आली असती. सभागृह गप्प. पाहुणे हसून म्हणाले, "मॅडमना आमचं पटलेलं दिसत नाही." आमच्या विभागप्रमुख पहिल्या रांगेत पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. त्या कॉलेजचं पुन्हा बोलावणं नाही. आगाऊपणा केला म्हणतात. म्हणोत. माईक मी परत मागेन.

मग लोखंड कशाला? इथे मात्र माझंच माझ्याशी पटत नाही. शंखाला तीन थर: बाहेर लोहाचं सल्फाइड (लोह आणि गंधकाचं संयुग), मधे जाड सेंद्रिय थर, आत चुनखडीच्या जातीचं खनिज, अ‍ॅरागोनाइट. पूर्वी मी बेधडक 'चिलखत' म्हणायचे, आणि ते हवेतलं नव्हतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की बाहेरच्या थराला बारीक बारीक तडे जातात आणि आघात तिथेच जिरतो. खेकड्याच्या नांगीपुढे हे कामाचं.

पण सॉलिटेअर नावाच्या झऱ्यांवर हीच जात पांढरी आहे. तिथल्या पाण्यात लोह कमी, अंगावर सल्फाइडचा थर नाही, तरी जगतेय. पायाच्या खवल्यांच्या अभ्यासातून असंही पुढे आलं, की गंधक गोगलगायच आतून पुरवते आणि पाण्यातलं लोह त्याला येऊन मिळतं. तिच्या अन्ननलिकेच्या ग्रंथीत जिवाणू पोसलेले असतात. त्यांच्यापायी साचणारं गंधक बाहेर काढायची ही वाट असावी, असा एक अंदाज.

म्हणजे चिलखत, की सांडपाणी? सांडपाण्याचंच चिलखत झालं म्हणावं, तर पांढरीला खेकडे का सोडतात?