पवळ्याचं काय करायचं?

१९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धाच्या वेळी, मी द्रास भागातल्या एका फील्ड पोस्ट ऑफिसात, म्हणजे सैन्याच्या आघाडीजवळच्या डाकघरात होतो. मूळचा टपाल खात्यातला क्लार्क, कामठीला प्रशिक्षण घेऊन सैन्य डाकसेवेत प्रतिनियुक्तीवर आलेला. पाकिटावर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘५६ एपीओ’ हा सैन्य डाकघराचा क्रमांक एवढंच असे. गावाचं नाव नाही. पलटण कुठे आहे हे आम्ही ओळखायचं, आणि पलटणी तर रोज सरकत होत्या. आज द्रासला असलेली उद्या मुश्कोह खोऱ्याकडे. जुन्या यादीने लावलेली थैली भलतीकडे जायची. आमच्या पोरांनी ती बदलती यादी तोंडपाठ ठेवली होती. त्यांचं कौतुक कुणी केलं नाही, म्हणून मी करतो.

डाक झोजीला खिंड ओलांडून रात्री, दिवे विझवलेल्या गाड्यांतून यायची. त्यात देशभरच्या शाळांची शुभेच्छापत्रं गठ्ठ्यांनी असत. भावना खरी होती, पण गाडीत जागा मोजकी. जवान तो गठ्ठा चाळायचा तो घरचं अक्षर शोधायला.

जूनमध्ये सातारकडचा एक नायक आला. त्याची कंपनी वर चढणार होती. हातात चार आंतरदेशीय पत्रं, चारही लिहून बंद केलेली.

“साहेब, दर आठवड्याला एक सोडा. घरी वाटायला पाहिजे मी खालीच आहे.”

पेटीत पडलेलं पत्र त्या दिवसाच्या शिक्क्यानं पुढच्या थैलीतून गेलंच पाहिजे. टपाल कर्मचाऱ्यानं पत्र अडवणं तेव्हा गुन्हा होता, आणि तारखेच्या शिक्क्याशी मी कधी खेळलो नाही. पण पत्र पेटीत पडेपर्यंत ते माझं नसतं. मी म्हणालो, “तुमच्या पोस्ट ऑर्डर्लीकडे ठेव.” पोस्ट ऑर्डर्ली म्हणजे पलटणीची डाक ने-आण करणारा जवान. “तो टाकेल तेव्हा मी शिक्का मारीन.”

ऑर्डर्लीनं एकही आठवडा चुकवला नाही. नायकाची घरून आलेली पत्रं मात्र खालीच साठत होती. वर खेचरांनी आणि माणसांच्या पाठीवर दारूगोळा नि पाणी जायचं. डाक जमलं तर.

जुलैच्या शेवटी तो उतरला. ओठ फुटलेले, बोटं सुजलेली. माझ्याच खोक्यावर बसून त्यानं पत्रं तारखेनं लावली, वाचली आणि शेवटचं माझ्यापुढे धरलं. बायकोनं लिहिलं होतं: तुमची पत्रं वेळेवर येतात. पेरणी, पाऊस सगळं विचारता. पण पवळ्या बैल लंगडतोय, विकू का, असं मी दोनदा विचारलं, त्याचं उत्तर एकातही नाही. तुम्ही वर गेला आहात ना?

म्हणजे तिला कळलं होतं, आणि आमची पत्रं तरीही दर आठवड्याला तिच्या दारात पडतच होती. पत्र न येण्यापेक्षा हे बरं झालं की वाईट, याचा मला अजून उलगडा होत नाही. मोर्चावरच्या माणसाला पत्र पोचवलं की झालं, असं आमचे वरिष्ठ थैल्या मोजून सांगायचे. घर सांभाळणारीला मात्र तिच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

त्यानं नवं आंतरदेशीय मागितलं. “विकू नका, गुरांच्या डॉक्टरला दाखवा,” हे पहिल्या ओळीत लिहिलं. मी त्याच्यासमोर शिक्का मारला आणि त्याच रात्रीच्या थैलीत टाकलं. साताऱ्याला पोचायला आठ-दहा दिवस लागायचे, आणि त्यांच्याकडे गुरांचा बाजार दर आठवड्याला भरतो.