बुवांची तबकडी

काकांनी ती तबकडी रिक्षातून मांडीवर ठेवून आणली होती. मऊ पडलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, वरचं लेबल जवळजवळ पुसलेलं. टेबलावर ठेवली तरी हात काढवेना त्यांना. म्हणाले, "यात भास्करबुवा आहेत. आजोबांनी सांगितलेलं."

जुन्या तबकड्यांवरचं गाणं स्वच्छ करून संगणकावर उतरवणं हे माझं काम. या कामात पडलेल्या प्रत्येकाला एक हळहळ असते, की थोर ख्यालगायक आणि नाट्यपदांना चाली देणारे भास्करबुवा बखले यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. हिंदुस्थानात १९०२ पासून तबकड्या निघू लागल्या होत्या आणि बुवा ८ एप्रिल १९२२ रोजी गेले. मधली वीस वर्षं त्यांच्या ऐन बहराची. म्हणजे काका म्हणतात ते खरं निघालं असतं तर... माझेही हात जरा थरथरले, हे कबूल करतो.

आधी धुणं. या तबकड्या लाखेच्या, त्यामुळे स्पिरिट चालत नाही, लाख विरघळते. सौम्य साबणाचं डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनं हळूहळू. मग एलपीच्या सुईपेक्षा सुमारे तिप्पट रुंद टोकाची सुई लावली आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांवर सोडली.

राग बिहाग. पुरुषाचा आवाज, पाठीमागे ऑर्गन आणि तबला. शब्द लागले तसे काका पुढे सरकले. 'मम आत्मा गमला'.

पण आवाज काहीसा चढा, घाईतला वाटत होता. त्या काळी सगळ्याच तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांवर कोरलेल्या नसत. चार-साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकते. गायक कोणत्या पट्टीत गात होता हे आपल्याला माहीत नसतं, मात्र ऑर्गनच्या सुरांच्या धातूच्या पत्त्या एकदा लावल्या की जागच्या हलत नाहीत. त्यांच्या आधारानं वेग हळूहळू उतरवत गेलो. एका जागी ऑर्गन पट्टीला बसला आणि गळाही माणसाचा झाला, छातीतून येणारा, सावकाश. काकांनी डोळे मिटले.

मला मात्र दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्याचा, घुमार. नीट, गोल, पोटातून येणारा. शिवाय 'स' आणि 'श' स्पष्ट. १९२५ च्या आधी गायक भोंग्यात तोंड घालून गात असे. भोंग्याच्या मुद्रणात डग्गा बहुतेक हरवतो आणि वर अडीच-तीन हजार हर्ट्झच्या पुढचं फारसं काही उमटत नाही. संगणकावर आलेख उघडला. रेघा पाच हजारांपर्यंत स्वच्छ चढल्या होत्या. हे मुद्रण मायक्रोफोनवरचं होतं. बुवा जाऊन तेव्हा निदान तीन वर्षं झालेली असणार.

असं सांगणं फार जड जातं. चहा मागवला, तोही निवला. शेवटी आलेख दाखवून सगळं समजावलं. ऐंशीच्या घरातला माणूस, शाळकरी मुलासारखा स्क्रीनकडे बघत होता.

"मग यात बुवा कुठेच नाहीत?"

तेव्हा मी 'स्वयंवर'चं सांगितलं. खाडिलकरांचं हे नाटक गंधर्व मंडळीनं १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलं आणि त्याच्या चाली भास्करबुवांच्या. 'नाथ हा माझा' यमनमधली, ही बिहागमधली. आजही ख्याल गाणारी माणसं ही पदं मैफलीत हक्कानं गातात, कारण त्यांच्या पोटात अस्सल राग आहे. बुवा लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गायचे. आवाज फुटला आणि नाटकातली जागा गेली. मग बडोद्याला फैज महंमद खाँ, पुढे आग्र्याचे नथ्थन खाँ, त्यानंतर अल्लादिया खाँ. तीन घराण्यांची तालीम, तीही गुरूघरी पडेल ते काम करून. ज्या रंगभूमीनं दूर केलं, तिलाच त्यांनी पुढे हे सगळं दिलं. मला बुवांबद्दल सर्वांत जास्त प्रेम वाटतं ते इथे.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आजोबा जेवण झालं की म्हणायचे, चला, बुवा ऐकू या. आणि हीच लावायचे." थांबले. "गातायत ते बुवा, असं कधी म्हणाले नव्हते हो. ते आम्हीच धरून चाललो."

आजोबांनी बुवांच्या बैठका ऐकल्या होत्या. हा कोण गायक, त्याचं नाव आता लेबलावर उरलेलं नाही. त्याच्या गळ्यातून आजोबा मात्र ती चाल बांधणाऱ्याला ऐकत बसायचे. मीही पुन्हा तसंच ऐकून पाहिलं. पंचमावरून उतरताना तीव्र मध्यमाला नुसता स्पर्श करून गंधारावर येणं, समेच्या आधी शब्द किंचित ओढून धरणं. नाटकात हे पद वन्समोअर घेत घेत रंगायचं. इथे सव्वातीन मिनिटांत आटपायचं होतं, तरी त्या गायकानं ती जागा सोडली नव्हती.

पाकिटावर मी तपशील लिहितो. 'गायक' या ओळीपुढे 'अज्ञात' लिहिलं. 'चाल' या ओळीशी आलो तेव्हा काकांनी पेन मागून घेतलं आणि सावकाश, शिरोरेघ सरळ येईल अशा बेतानं लिहिलं : भास्करबुवा बखले.

लाखेची तबकडी दर वेळी थोडी झिजते, म्हणून मी ती एकदाच, फार तर दोनदा वाजवतो. फाईल तयार होती, स्पीकर चालू होते. काका म्हणाले, "याच्यावरच लावा ना, एकदा."

तिसऱ्यांदा सुई टेकवली.