चेन नव्हे, क्रॉस: तिसऱ्या दिवसाची गोष्ट

गाडीखालून आवाज येतोय म्हणून कुणी लगेच ट्रान्सफर केस (फोर-बाय-फोर गाडीत इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) उघडायला निघालं, तर आधी त्याच्या हातातला पाना काढून घ्या. मी घेतला नाही.

पाच दिवसांची कच्ची डोंगरवाट. पहिले दोन दिवस मजेत गेले. दुसऱ्या संध्याकाळी, चार ओढे पार केल्यावर, हळू चालताना किर्र-किर्र सुरू झालं. रिव्हर्स टाकला की 'खट्'. वाटेतल्या मेकॅनिकने सीटखाली कान लावून निदान केलं, "ट्रान्सफर केसमधली चेन गेली." अख्खा दिवस मोडला, केस उघडली. तेल स्वच्छ, धातूचा कीस नाही, चेन ठणठणीत. मजुरी मात्र पूर्ण घेतली, वर नव्या तेलाचीही. निघालो आणि अर्ध्या तासात पुन्हा किर्र-किर्र.

चूक माझीच. आवाज कुठून येतो यावर विश्वास ठेवला. लोखंडी चासी आवाज कुठूनही कुठेही नेते. ऐकायचा असतो तो ठेका. टायरवर खडूची खूण करा, गाडी चालीच्या वेगाने न्या आणि जोडीदाराला शेजारून मोजायला सांगा. चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच वाजलं तर दोष चाकाकडचा: बेअरिंग, ब्रेकची डिस्क किंवा डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा (हा खडा असा किंचाळतो की माणूस गाडी विकायला काढेल). आमच्याकडे एका फेऱ्यात चारेकदा वाजत होतं. डिफरन्शियलच्या (चाकांमधल्या गिअरपेटीच्या) रेशोमुळे शाफ्ट, म्हणजे तिथवर ताकद नेणारा दांडा, चाकाच्या साधारण तेवढ्याच पट फिरतो, म्हणजे दोष शाफ्टचा. वेग वाढल्यावर गुंजणारा आणि गाडी डावी-उजवीकडे झुकवली की बदलणारा आवाज बेअरिंगचा. फक्त वळताना कट-कट झाली तर पुढच्या सीव्ही जॉइंटचं (वळलेल्या चाकालाही ताकद देणाऱ्या सांध्याचं) रबर फाटलंय का बघा.

मग सपाटीवर चाकांना दगड लावून खाली शिरलो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसभोवती (शाफ्टला तिरकं फिरू देणारा, अधिकच्या चिन्हासारखा सांधा) तांबडी गंजाची पूड. दोन्ही बाजू हातात धरून उलट-सुलट पिळल्यावर ढिलेपणा क्रॉसमध्येच जाणवला. अख्खा शाफ्ट थोडासा गोल फिरला तर तो गिअरच्या दातांमधला, त्याने घाबरू नका. ग्रीस मारलं तर क्रॉसच्या टोकांवरच्या चारपैकी तीनच टोप्यांतून बाहेर आलं. चौथी कोरडी, म्हणजे क्रॉस संपला.

आणि पुढे नदीचं दगडी पात्र. तो टप्पा मी कुणालाही सुचवणार नाही. मध्यावर खट्चं धडाड्-धडाड् झालं. फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीवर, खुणा करून (नाहीतर परत बसवताना बॅलन्स जातो) मागचा शाफ्टच काढून टाकला आणि फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गिअरमध्ये) नुसत्या पुढच्या चाकांवर बाहेर आलो! तेव्हा वाटलं, आता हिमालयसुद्धा चढू. पुढच्याच चढावर चाकं जागच्या जागी फिरली आणि ते भूत उतरलं. शाफ्ट थेट ट्रान्सफर केसमध्ये सरकवलेला असेल तर हा उपाय करू नका, तेल वाहून जाईल. हँडब्रेक शाफ्टवर असेल तर तोही गेला समजा, दगड जवळ ठेवा.

एक जादा क्रॉस, सर्कलिप पक्कड (क्रॉसला जागेवर धरणाऱ्या कड्या काढायची) आणि ग्रीसगन न घेता या वाटेला जाणं मूर्खपणा आहे. ओढे झाले की त्याच संध्याकाळी ग्रीस, कितीही दमलात तरी. आम्ही दुसऱ्या रात्री दमलो होतो.