कार्डावरचे निळे ठिपके

सतरा वर्षं मी सर्किट बोर्डांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते आहे. बोर्डावर बसणारे सुटे भाग ज्यांतून येतात ती पट्ट्यांची रिळं, ट्रे, ट्यूब, हवा काढून बंद केलेल्या चंदेरी पिशव्या, हेच माझं जग. त्यातली एक पिशवी २०१८ साली मी स्वतःच्या हाताने फाडली. ती अजून डोक्यातून जात नाही.

वर्षअखेर जवळ आली होती आणि डेड स्टॉक कमी करून दाखवायचा होता. १८ महिन्यांत ज्याला कुणी हात लावलेला नाही असा माल शोधून मी ४३ ओळींची यादी केली. असा माल तसाच भंगारात देता येत नाही. बाहेर कुणीतरी तो नवा म्हणून विकतो आणि मग तो भलत्याच यंत्रात जाऊन बसतो. म्हणून आधी निकामी करायचा, मग पाठवायचा. आम्ही दोघी टेबलाशी बसून पिशव्या फाडत होतो, रिळांवरच्या पट्ट्या सोडवत होतो. पिशवीत ओल दाखवणारं एक छोटं कार्ड असतं. आत ओल शिरली की त्यावरचे निळे ठिपके गुलाबी पडतात. त्या पिशवीतले सगळे ठिपके निळेच होते. माझ्यासोबतची मुलगी नुकतीच कामाला लागली होती. कार्ड हातात धरून ती म्हणाली, "मॅडम, यात वाईट काय आहे?"

मी तिला यादीतली ओळ दाखवली: डिझाइन बदललं, नव्या बोर्डावर ही चिप नाही, शिल्लक २,००० नग. पण तिने विचारलं होतं ते हे नव्हतं.

नऊ महिन्यांनी दुरुस्ती विभागातून फोन आला. बाजारात गेलेल्या जुन्या कंट्रोलरमध्ये वीजपुरवठा सांभाळणारी तीच चिप बिघडत होती. चिप बदलली की कंट्रोलर पुन्हा चालू. पण बनवणाऱ्यांनी तोवर तिचं उत्पादन थांबवलं होतं. तशी सूचना आमच्या परचेसकडे आली होती. अशी सूचना आल्यावर शेवटची ऑर्डर नोंदवायला साधारण सहा महिने मिळतात. नव्या बोर्डावर ती चिप नसल्याने कुणी ऑर्डर दिली नाही, आणि हाताशी होत्या त्या मी चिरडायला पाठवल्या होत्या. पुढच्या दोन वर्षांत आम्ही ३१२ कंट्रोलर दुरुस्त न करता बदलून दिले. पाच मिलिमीटरच्या चिपसाठी बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, डिस्प्ले, वायरी, डबा, सगळं भंगारात गेलं. रॅक रिकामा करताना मी कचरा कमी करत नव्हते, पुढचा कचरा तयार करत होते.

ई-कचऱ्याचं नाव काढलं की लोकांना ड्रॉवरमधले जुने फोन आठवतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. हा हिशेब बाजारात पोचलेल्या उपकरणांवरून मांडतात. माझ्या टेबलावर फाडलेल्या पिशव्या त्याच्याही आधीच्या. त्या कधी कुणाच्या हातात गेल्याच नव्हत्या. आणि भट्टीत घातल्यावर तांबं मिळतं, थोडं सोनं मिळतं, चिप काही परत मिळत नाही. वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, ती घडायला शेकडो टप्पे आणि साधारण तीन महिने लागलेले असतात. एवढं पाणी, एवढी वीज, एवढी रसायनं लागलेली वस्तू आपण तिच्यातल्या तांब्याच्या मोलाने मोजतो, याचा मला खरोखर त्रास होतो.

एवढा जास्तीचा माल साठतो कसा, हे मी त्यानंतर वहीत लिहून काढायला लागले. कुणी मुद्दाम जास्त घेत नाही. समजा १,००० बोर्ड लागणार आहेत. विक्रीवाले दहा टक्के जास्त सांगतात, माल कमी पडायला नको. प्लॅनिंगवाले त्यावर दहा टक्के धरतात, लाइनवर थोडं रिजेक्शन होईलच. परचेस आणखी दहा टक्के घालतं. १,३३१ झाले. तो भाग १,००० च्या रिळात येतो, म्हणून दोन रिळं मागवली. गरज १,००० ची, आले २,०००. तिघांनीही आपापलं काम चोखच केलं होतं.

२०२१ मध्ये चिपांची टंचाई आली तेव्हा हेच कितीतरी पटींनी घडलं. एकेका चिपसाठी ५२ आठवड्यांची मुदत सांगत होते. आमच्याकडून एकाच भागाची ऑर्डर दोन-दोन पुरवठादारांकडे गेली, जो आधी देईल त्याच्याकडून घेऊ म्हणून. त्या ऑर्डरी रद्द न होणाऱ्या होत्या. २०२३ मध्ये पुरवठा मोकळा झाला आणि सगळाच माल एकदम दारात उभा राहिला. ली, पद्मनाभन आणि व्हँग या तीन अभ्यासकांनी १९९७ मध्येच हे मांडून ठेवलं होतं. पुरवठ्याच्या साखळीत मागे मागे जाताना मागणीचे चढउतार मोठे का होत जातात, याची त्यांनी चार कारणं दिली. टंचाईत गरजेपेक्षा जास्त मागून ठेवणं हे त्यातलं एक, आणि गठ्ठ्याने ऑर्डर देणं हे दुसरं. मी ते वाचलं तेव्हा माझ्या रॅकवर दोन्ही कारणांचे खोके एकावर एक रचलेले होते.

पण स्टोअरमध्ये बसून मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण त्यांच्या लेखात नाही. ते आहे अर्धवट रिळं. लाइनवरून रीळ परत येतं तेव्हा त्यात किती नग उरले ते कुणालाच नेमकं ठाऊक नसतं. संगणक बोर्डांच्या संख्येवरून वजाबाकी करतो. पण बोर्डावर भाग बसवणारं प्लेसमेंट मशीन काही नग टाकून देतं, मशीनला रिळातले भाग पुरवणारा फीडर लावताना पट्टीचं टोक वाया जातं. संगणकात ३,२०० आणि रिळावर २,६०० असं दोनदा झालं की परचेसचा संगणकावरचा विश्वास उडतो. मग ते आकडा बघतच नाहीत, सरळ नवं रीळ मागवतात. आमच्याकडे एका लहानशा रेझिस्टरची नऊ अर्धवट रिळं सापडली होती आणि दहावं वाटेत होतं. क्ष-किरणांवर रीळ मोजणारं यंत्र आलं तेव्हापासून परत येणारं प्रत्येक रीळ मोजूनच रॅकवर चढतं. आम्ही केलेल्या सगळ्या बदलांत खरेदी कमी झाली ती सगळ्यात जास्त यामुळे. पर्यावरणाच्या बैठकांत या यंत्राचं नाव कुणी घेत नाही. मी घेते.

दुसरी गोष्ट डिझाइनवाल्यांच्या टेबलावरची. आमच्या वेगवेगळ्या बोर्डांवर एकाच कामासाठी ४.७, ५.१ आणि ५.६ किलोओहमचे रेझिस्टर होते. तिथे तिन्हीपैकी कुठलाही चालला असता. ज्याने बोर्ड आखला त्याच्या सवयीचा तो आकडा. प्रत्येकाचं ५,००० चं वेगळं रीळ. मी यादी घेऊन गेले तेव्हा डिझाइनचे वरिष्ठ सर दोन तास माझ्याशेजारी बसले आणि एकेका ओळीवर खूण करत गेले. नव्या बोर्डांवर आता ४.७ च येतो. त्यांनी त्या दिवशी मला टाळलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं, म्हणून हे इथे लिहून ठेवते आहे.

तारखेच्या नियमावरून मात्र आमची भांडणं अजून चालू आहेत. भागांवर वर्ष आणि आठवड्याचा चार आकडी कोड असतो, आणि 'दोन वर्षांपेक्षा जुना माल घ्यायचा नाही' असा सरसकट नियम बऱ्याच ठिकाणी आहे. काही गोष्टी खरंच जुन्या होतात. भाग बोर्डाला जोडणारी सोल्डर पेस्ट फ्रिजमध्ये ठेवूनही साधारण सहा महिन्यांची. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो, त्याची गळती वाढते. पण कोरड्या बंद पिशवीतली चिप दोन वर्षं एक दिवस झाला म्हणून बिघडत नाही. तिचे पाय सोल्डर नीट धरतात की नाही, याची साधी चाचणी असते. दहा नग तपासून हजार वाचतात. तरी चाचणी नको, भंगारात काढा, असं म्हणणारी माणसं मला दर तिमाहीला भेटतात आणि मी दर वेळी चाचणीचा कागद पुढे करते.

उघडलेल्या पिशव्यांचं दुखणं वेगळं. ओलीला नाजूक भागांच्या पातळ्या असतात. तिसऱ्या पातळीचा भाग पिशवी उघडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तास टिकतो. त्यापुढे तो तसाच सोल्डर वितळवणाऱ्या रिफ्लो भट्टीत गेला तर आतल्या ओलीची वाफ होते आणि चिप फुटू शकते. भाजून ओल काढता येते, पण १२५ अंशांना प्लास्टिकचं रीळ वितळतं, म्हणून रिळासकट भाजायचं तर ४० अंशांवर दिवसचे दिवस ठेवावं लागतं. आणि पुन्हा पुन्हा भाजलं की पाय काळवंडतात. आमच्याकडे पिशवी किती वाजता उघडली ते लिहायचंच राहून जायचं, आणि वेळ माहीत नाही म्हणून चांगला माल फेकला जायचा. आता पिशवीवर वेळेचं लेबल लावल्याशिवाय ती लाइनवर जात नाही, आणि उरलेला माल कोरड्या कपाटात जातो.

याचा अर्थ स्टोअर रिकामं असावं असा कुणी काढू नये. जेवढं लागेल तेवढंच, तेही आयत्या वेळी, हे ऐकायला छान वाटतं. २०२१ मध्ये एका चिपवाचून आमचे ७०० अर्धवट बोर्ड पाच महिने पडून होते. आणि ते ३१२ कंट्रोलर मी विसरलेले नाही. आता माझ्याकडे एक वेगळा रॅक आहे. त्यावर फक्त बाजारात चालू असलेल्या जुन्या यंत्रांचे भाग राहतात. त्यातलं काहीही काढायचं असेल तर दुरुस्ती विभागाची सही लागते, माझी एकटीची चालत नाही. हिशेबात तो रॅक डेड स्टॉक म्हणूनच दिसतो. दर वर्षी मी त्याच्यासाठी बोलते.

डिझाइन बदलाच्या फॉर्मवरही तीन रकाने वाढवून घेतले: जुना भाग स्टोअरमध्ये किती, वाटेत किती, कोणत्या आठवड्यात संपेल. ते भरल्याशिवाय बदलाची तारीख पडत नाही.

आज असाच एक फॉर्म माझ्या टेबलावर आहे. व्होल्टेज रेग्युलेटर बदलायचा आहे. नवा भाग कमी तापतो, बदल चांगला आहे. जुने स्टोअरमध्ये ६,४०० आहेत, वाटेत ३,०००, आणि आठवड्याला साधारण ४०० लागतात. डिझाइनला पुढच्या महिन्यात बदल हवा आहे. वाटेतली रिळं पुरवठादार परत घेतो का, हे विचारायला परचेसला सांगितलं आहे. दुरुस्तीसाठी किती ठेवायचे तो आकडा उद्या येईल. तोवर तारखेच्या रकान्यात मी पेन्सिलीने सोळा आठवड्यांनंतरची तारीख लिहून ठेवली आहे.