गिझर बदलायचा की दुरुस्त करायचा? आमची वाटचाल

गिझरची कामं आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर एकदम अंगावर येतात. उन्हाळाभर बंद असलेला गिझर लोक नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री लावून बघतात आणि एमसीबी पडतो. मग फोन: "दादा, पहाटे अभ्यंगस्नान आहे, आत्ताच या. आणि रिपेअर होईल ना, की नवाच घेऊ?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो, म्हणून आमचं दुकान चाललंय.

मी मूळचा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला, मोटर रिवाइंडिंग करणारा. कारखान्यांची कामं आटली तसा घरगुती दुरुस्तीत शिरलो. २००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि घणसोली, कोपरखैरणे, वाशी टप्प्यात आलं. हत्यारांची पिशवी खांद्याला लावायची आणि निघायचं.

वाशी-नेरूळच्या जुन्या घरांत तेव्हा तांब्याच्या टाकीचे गिझर बरेच दिसायचे. खरी मेख तिथेच होती. भंगारात तांब्याला भाव असतो, त्यामुळे "काकू, हा गेला, जुना आम्हाला द्या, नव्यावर थोडे कमी करतो" असं सांगणारे कमी नव्हते. आम्ही झाकण उघडलं की निघायचं काय, तर कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग) उडालेला, नाहीतर थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज बंद करणारा) चिकटलेला. टाकी ठणठणीत.

तेव्हाच तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला लागलो. दुरुस्ती करा, नका करू, बघायचे पैसे तेवढेच. लोक कुरकुरतात, अजूनही. पण आमच्या मुलांना ठरलेला पगार आहे, नवा गिझर खपवला म्हणून कमिशन नाही. त्यामुळे ते खोटं सांगत नाहीत; सांगून मिळणार काय?

उघडल्यावर आधी बघायचं, पाणी येतंय कुठून. एलिमेंटच्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉईलच्या, प्लेटपाशी ठिबकत असेल तर मधलं रबरी गॅस्केट बदलून काम होतं. टाकीच्या जोडातून झिरपत असेल, भोवतीचा फोम भिजला असेल, तर टाकी गेली. आतून काचेचा लेप असलेल्या टाकीला वेल्डिंगही चालत नाही, उष्णतेने लेप तडकतो. तिथे आम्ही काम घेतच नाही.

टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. टाकीचं लोखंड गंजण्याआधी तो झिजतो, ते त्याचं कामच आहे. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्या टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालतात, तिथे कित्येकदा रॉडची नुसती तार हातात येते आणि कॉईलवर चुन्याचा असा थर, की पकडीने टिचकी मारली तर पापुद्रे खाली पडतात. गिझर खदखदतो तो यामुळे. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं, तिथे कॉईल बरीच स्वच्छ निघते. टँकरवाल्या सोसायटीत रॉड दरवर्षी बघून घ्यावा. रॉड बदलणं स्वस्त, टाकी बदलणं नाही.

उंच टॉवरमध्ये एक तक्रार ठरलेली: सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतलं जादा प्रेशर बाहेर सोडणारा, गळतो. पाणी तापलं की फुगतं, त्यात खालच्या मजल्यांवर प्रेशर जास्त. तापताना चार थेंब पडले तर पडू द्यावेत. मानपाड्याला एका घरी कुणीतरी व्हॉल्व्हच्या तोंडावर एम-सीलचा गोळा थापून ठेवला होता! मी आधी मेन स्विच पाडला, मग बोललो. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर मात्र व्हॉल्व्ह आणि प्रेशर दोन्ही तपासून घ्यावं.

जास्त स्टारचा घेतला तर बिल कमी येईल का, हेही सगळे विचारतात. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १ युनिट लागतं, गिझर जुना असो की नवा. फरक पडतो तापलेलं पाणी धरून ठेवण्यात. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घरात तो जाणवेल. आंघोळीपुरता लावत असाल तर निव्वळ बिलासाठी धडधाकट गिझर काढू नका. पण टाकीची वॉरंटी संपलेली, कॉईल आणि थर्मोस्टॅट दोन्ही गेलेले, वर गरम नळाला तांबूस पाणी, असं सगळं जुळून आलं तर मीच सांगतो, आता यात पैसे घालू नका.

नवे गिझर आम्ही विकत नाही. गिऱ्हाईकाने आणायचा, आम्ही अर्थिंग तपासून बसवून द्यायचा. मुलाचं म्हणणं, आता शोरूम काढू. कोलशेतला एक गाळा बघून आलोय. भाडं परवडलं तर घेऊ, पण पोरांना पगारच, कमिशन नाही, हे त्याच्याकडून आधी कबूल करून घेतलंय.