रनच्या खिडकीतली शेवटची ओळ

दिवाळीच्या तोंडावर नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्याचा कॉम्प्युटर बिघडणं म्हणजे ऐन लग्नात आचाऱ्याला ताप भरणं. काकांचा फोन आला तेव्हा मी अजून दुकानाचं शटर वर करत होतो. "अरे, कोपऱ्यात सारखं टिंग टिंग वाजतंय. पाच व्हायरस सापडले म्हणतंय. दिवाळी अंकाची बत्तीस पानं आज प्रेसला जायचीयेत. येऊन जा बाबा."

लक्ष्मी रोडच्या खरेदीच्या गर्दीत स्कूटर घालण्यात अर्थ नव्हता. रमणबागेपाशी लावली आणि चालत गेलो.

काकांचं ऑफिस म्हणजे वाड्याची मधली खोली. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि प्रुफांचे गठ्ठे इतके की बसायचं तर एखादी कविता उचलूनच बसावं लागतं. पडद्यावर पानं लावायचा पेजमेकर उघडा होता आणि उजव्या कोपऱ्यात लाल चौकटी एकीवर एक येऊन आदळत होत्या. 'तुमचा पीसी धोक्यात', 'अँटिव्हायरस संपला', 'आत्ता दाबा'.

हा प्रकार आमच्या धंद्यात रोजचा. तो व्हायरस नसतोच. एखाद्या जाहिरातीतून भलतंच पान उघडतं, ते 'नोटिफिकेशन पाठवू का' असं विचारतं, माणूस कंटाळून 'अलाऊ' दाबतो. मग ब्राउझर इमानेइतबारे त्यांचा सगळा कचरा कोपऱ्यात आणून टाकत राहतो. सेटिंगमध्ये गेलो, नोटिफिकेशनची यादी उघडली. कधी न ऐकलेल्या अकरा साइट्सना परवानगी दिलेली होती. सगळ्या उडवल्या. चौकटी बंद. काका एवढे खूश झाले की आतून चहा आणि चकल्या आल्या.

खरं तर तिथेच दोनशे रुपये घेऊन निघायचं. पण नको असलेलं काही सॉफ्टवेअर बसलंय का ते जाता जाता बघायची माझी सवय आहे, आणि त्यासाठी मी विंडोजचं बटण आणि आर दाबून रनची खिडकी उघडतो. या खिडकीची एक खोड आहे: आधी कोणी काय चालवलं ते ती लक्षात ठेवते आणि उघडल्या उघडल्या समोर धरते. तिथे एक लांबलचक ओळ होती, खिडकीत न मावणारी. सुरुवातीला पॉवरशेल, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम सोडायचा प्रोग्रॅम, मग 'खिडकी न दाखवता चालव' असा हुकूम, पुढे अगम्य अक्षरांची माळ. एंडचं बटण दाबून शेवटाला गेलो तर तिथे साध्या इंग्रजीत लिहिलेलं: मी रोबो नाही.

चकली तशीच बशीत ठेवली आणि आधी नेटची वायर उपटली.

"काका, ही खिडकी तुम्ही उघडली होती?"

"मी कशाला उघडू? मला काय कळतंय त्यातलं." काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. तो चांगला स्वच्छ होता.

मी गप्प बसलो. दाताच्या डॉक्टरांसारखं आम्हालाही थोडं थांबावं लागतं.

"परवा रात्री," काका म्हणाले, "एका लेखकाने लेख पाठवला, कुठल्या तरी जुन्या फाँटात. इथे उघडला की नुसते चौकोन आणि इंग्रजी अक्षरं. म्हटलं कन्व्हर्टर शोधावा. पहिलाच आला त्यावर गेलो. त्याने विचारलं, तुम्ही माणूसच आहात ना? विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. ते म्हणाले तसं केलं."

तीस वर्षं ज्यांच्या बोटांनी दिवसाला हजार वेळा कंट्रोल व्ही दाबलंय, त्यांना हे सांगायला लागतंच कुठे.

डाव साधा आहे. पानावरच्या 'मी रोबो नाही'वर क्लिक केलं की ते पान आपण होऊन एक हुकूम क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे थांबतं तिथे, कॉपी करून ठेवतं. आपल्याला वाटतं आपण तपासणीला सामोरं जातोय. प्रत्यक्षात तो हुकूम आपणच आपल्या हाताने पेस्ट करून चालवतो. खिडकी लहान, त्यामुळे पेस्ट केल्यावर तिचं शेपूट तेवढं दिसतं, आणि शेपटावर मुद्दाम तेच निरागस वाक्य लिहिलेलं. फाइल डाउनलोड झालेली नाही, कुठलाही इशारा नाही. विंडोजच्या लेखी मालकानेच सांगितलंय.

पूर्वी एवढं नाटक करावं लागत नसे. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीसारख्या साइट्सवरच्या जाहिरातींतून ब्राउझरमधली भोकं शोधून व्हायरस घुसवणारा अँगलर नावाचा प्रकार पसरला, तेव्हा क्लिकही करायची गरज नव्हती. पान उघडलं, जाहिरात आली, जुन्या फ्लॅशसारख्या प्लगइनमधलं भोक सापडलं, की काम झालं. पान उघडताना जाहिरातीच्या जागेचा लिलाव सेकंदाच्या अंशात होतो. कोणती जाहिरात येणार ते साइटवाल्यालाही माहीत नसतं. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश संपलं, ब्राउझरही शहाणे झाले. मग चोरांनी भोक शोधायचं सोडून माणूस शोधला. आणि तो शोधायला 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेल्या पहिल्या निकालाएवढी सोयीची जागा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द एफबीआयने लोकांना सांगितलं की शोधताना जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन वापरा. काकांच्या कॉम्प्युटरवर ते नव्हतं. मीच बसवलं नव्हतं, हेही इथे सांगायला हवं.

विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, डिफेंडरचं, ऑफलाइन स्कॅन लावलं. काही सापडलं नाही. काकांचा चेहरा उजळला, माझा उतरला. असले चोर बऱ्याचदा घरात राहायला येत नाहीत. ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज उचलायच्या आणि निघायचं. लॉगिन झाल्यावर ब्राउझर 'याला आत सोडा' अशी एक चिठ्ठी जपून ठेवतो, तीच कुकी. ती चिठ्ठी हाती लागली की चोराला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. कोपऱ्यातला टिंग टिंग करणारा गोंगाट निव्वळ उपद्रव होता. गर्जेल तो पडेल काय! खरा घाव दोन दिवसांपूर्वीच बसला होता, आणि तो आवाज न करता.

माझ्या फोनवरून काकांचं जीमेल उघडलं. डिव्हाइसच्या यादीत एक विंडोज कॉम्प्युटर होता, परदेशातला, कालचा. सगळी डिव्हाइस बाहेर काढली, पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. बँकेचं विचारलं तर काका म्हणाले, "नेटबँकिंग नाही. शनिवारी जाऊन पासबुक भरून आणतो." इतक्या वर्षांत या वाक्यावर मी पहिल्यांदाच सुटकेचा श्वास टाकला. तरी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर भिंतीवर लिहून ठेवला, पैशाचं काही दिसलं तर लगेच फिरवायला.

मग ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डची यादी बघितली. एकोणीस. त्यातला एक अंकाच्या संपादकांच्या मेलचा. लेखांच्या फाइली उतरवून घ्याव्यात म्हणून त्यांनीच दिलेला.

"हे त्यांना सांगायला लागेल," मी म्हणालो.

"तू आत्ता काढलंस ना सगळं?"

"काका, जे गेलं ते काढता येत नाही."

त्यांनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. व्हायरसबद्दल बोलताना त्यांचा आवाज मोठा होता; आता दाराबाहेर जाऊन, व्हरांड्यात, पाठ करून बोलत होते. परत आले तेव्हा कान लाल झाले होते. "पासवर्ड बदलतायत. आणि विचारतायत, पानं आज येणार ना?"

नेट तोडलेल्या त्याच कॉम्प्युटरवर बत्तीस पानांच्या पीडीएफ केल्या, कोऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या, माझ्या लॅपटॉपवर तपासल्या. फॉरमॅट रात्री करायचं ठरलं. पेजमेकरच्या फाइली आणि फाँट तेवढे वेगळे काढले, प्रोग्रॅम एकही नाही. काकांनी पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि चपला घातल्या.

मला एकदम आठवलं. "आणि तो जुन्या फाँटातला लेख? त्याचं काय केलंत?"

"त्याचं काय? कन्व्हर्टर काही मिळाला नाही. लेखकाकडून छापील प्रत मागवली आणि टाइप करून टाकला त्याच रात्री," काका म्हणाले. "तासाभरात झाला."