ताटकळलेली वलगण

पहिल्या पावसाचं गढूळ पाणी ओढ्याला उतरलं की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात, त्याला आपल्या भाषेत वलगण असा नेमका शब्द आहे. सामन माशाची वलगण याहून कितीतरी मोठी असते. ती डोळ्यांनी बघायची म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरात मी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर बेटावर गेले. मासे दिसले, पण चढताना नाही, ताटकळताना दिसले.

फेरीबोटीच्या डेकवरूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं. समोरचे डोंगर दिसेनात, वणव्यांचा धूर पाण्यावर साचून राहिला होता. ऑक्टोबर अर्धा सरला तरी अंगावर साधा सुती सदरा पुरत होता. एरवी या दिवसांत इथे पावसाची झड लागलेली असते.

बेटाच्या दक्षिण टोकाच्या व्हिक्टोरिया शहरातून मालाहाटचा घाट चढून उत्तरेला निघाले. वाटेत हिरव्या रानात मधूनच तांबूस, शेंड्याकडून वाळत आलेली झाडं दिसायची. हे रेड सीडर, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं अधिकृत झाड. सीडरच्या आतल्या फांद्यांची पानं शरदात तांबूस होऊन गळतात, ते नेहमीचंच. पण शेंडाच वाळला तर झाड तहानलेलं आहे असं समजावं. याची मुळं उथळ असतात, ओलीची सवय असते. एकामागून एक कोरडे उन्हाळे त्याला सोसत नाहीत. मी दोनदा गाडी थांबवून खाली उतरले. पायाखालचं शेवाळ, जे ओल्या स्पंजासारखं असायला हवं, ते पापडासारखं मोडत होतं.

दुपारी कोविचन बेला पोचले. कोविचन सरोवरातून निघालेली नदी इथे समुद्राला मिळते. लाकडी धक्क्यावर उभी राहिले आणि समोर पाण्यातून एक मोठा मासा उसळला. मग दुसरा, तिसरा. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. शेजारी एक वयस्कर गृहस्थ दुर्बीण घेऊन बसले होते. ते म्हणाले, “रोज येतो बघायला. अजून इथेच आहेत. नदीत चढण्यापुरतं पाणीच नाही. पाऊस येईपर्यंत जाणार तरी कुठे?” त्यांनी बोट दाखवलं तिकडे पाण्यावर सीलची काळी, गुळगुळीत डोकी होती. अडकलेल्या माशांची त्यांना मेजवानीच.

या थांबण्याची किंमत मोठी आहे. सामन जन्मल्या नदीचा वास ओळखत समुद्रातून परततो, आणि गोड्या पाण्याच्या वाटेला लागला की खाणं सोडतो. पुढचा सगळा प्रवास, मादीचं शेपटीने रेतीगोट्यांत खळगं करणं, अंडी घालणं, हे सारं अंगात साठवलेल्या चरबीवर चालतं. ती शिदोरी थांबण्यातच संपू लागते. त्यातून नदी उथळ असली की पाणी तापतं. वीस अंशांच्या आसपास पोचलेलं पाणी सामनला घातक ठरू लागतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला मात्र तो जास्त लागतो. कल्ल्यांचे रोगही अशाच पाण्यात फोफावतात. कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीत २००२ च्या सप्टेंबरात असंच झालं. कमी आणि कोमट पाण्यात गर्दी करून राहिलेले किमान ३४,००० मासे त्या एका महिन्यात मेले.

कोविचन निदान वाहत तरी होती. तिच्या सरोवराच्या तोंडाशी १९५० च्या दशकात, मुळात कागदाच्या लगद्याच्या गिरणीसाठी, एक बंधारा घातला आहे. त्यात अडवलेलं पाणी कोरड्या महिन्यांत हळूहळू सोडतात. याच खाडीला मिळणाऱ्या कोक्सायला नदीला असा आधार नाही. २०१९ आणि २०२१ च्या उन्हाळ्यांत तिच्यातले मासे वाचवण्यासाठी सरकारला तिथल्या काही पिकांचं सिंचन बंद करायला लावावं लागलं होतं. मी तिच्या पात्रात उतरले. पांढरे पडलेले गोटे आणि एकमेकांपासून तुटलेले डोह. एका डोहात बोटाएवढी पिल्लं फिरत होती, बहुधा कोहो जातीच्या सामनची. कोहोची पिल्लं समुद्राकडे जाण्याआधी वर्षभर तरी ओढ्यातच काढतात, म्हणून उन्हाळा त्यांच्या मुळावर येतो. मी बराच वेळ तिथून हलले नाही. डोह आटण्याआधी पाऊस येईल का, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी कॅथीड्रल ग्रोव्ह या जुन्या झाडांच्या राईत गेले. आठशे वर्षांपर्यंतचे डग्लस फर. सर्वांत मोठा ७६ मीटर उंच. मान दुखेपर्यंत वर बघितलं, पण डोक्यात मासेच होते. कारण या किनाऱ्यावरच्या रानांत समुद्र शिरतो तो सामनच्या अंगातून. अस्वलं मासे उचलून झाडीत नेतात, अर्धवट खाऊन टाकून देतात, आणि समुद्रातला नायट्रोजन मुळांवाटे खोडात जातो. व्हिक्टोरिया विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ टॉम राइमखेन यांनी अशा झाडांच्या वलयांत तो शोधून दाखवला. झाडं नदीवर सावली धरतात, नदी मासे वर आणते आणि मासे झाडांना पोसतात. पाणी तुटलं की तिघांचंही तुटतं.

त्याच महिन्यात उत्तरेकडच्या बेला बेला गावाजवळून बातमी आली होती. नीकास नदीत सुमारे ६५,००० सामन अंडी न घालताच मेले होते. मासे नदीत शिरले आणि मागोमाग पाणीच आटलं. फोनवर ते चित्र बघितलं: कोरड्या पात्रात काठोकाठ मासेच मासे, आणि अनेक माद्यांची गाभोळी पोटातच.

२१ तारखेला ढग भरून आले. आनंदाबरोबर धास्तीही होती, कारण आदल्याच वर्षी नोव्हेंबरात असा काही पाऊस कोसळला की मालाहाटचा रस्ता बंद पडला. अशा लोंढ्यात रेतीत पुरलेली अंडी गोट्यांसकट वाहून जातात. पण हा पाऊस शहाण्यासारखा, संथ पडला. परतीची फेरी पुढे ढकलून मी पुन्हा खाडीकडे गेले. धक्क्यावर छत्री घेतलेली माणसं न बोलता उभी होती. नदीमुखाजवळच्या उथळ जागी पाणी जेमतेम वीतभर चढलं होतं. तेवढ्यात एक मासा आला. पाठ आणि वरचा पर पूर्ण उघडा, अंग एका कुशीवर कललेलं. तो गोट्यांवरून खरडत, थांबत, पुन्हा शेपटी आपटत पुढे सरकला आणि पलीकडच्या खोल पाण्यात दिसेनासा झाला. दुर्बीणवाल्या गृहस्थांनी खिशातून वही काढली आणि ओल्या कागदावर एक रेघ ओढली.